आंबेमोहराचा वैरी

पुणें जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्याला लागून, तीन खोरीं शेजारीं शेजारीं पसरलीं आहेत : पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ. यांपैकीं आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचें खोरें. टाकवे, वडेश्वर, खांडी, कुसूर हीं त्यांतलीं गांवें. कुसूरचा घाट उतरला कीं कोंकण लागतें. ठोकरवाडी येथें या नदीचें पाणी अडवून १९२२ सालीं तें भिवपुरीस उतरविण्यांत आलें व त्यावर वीज निघूं लागली. तेव्हांपासून ही लहानशी नदी मुंबईच्या कारखान्यांना ठाऊक झाली. परंतु या खोऱ्यांची जुनी कीर्ति भाताची आहे, आणि भातांतही आंबेमोहराची.

आंबेमोहर शिजूं लागला कीं आंब्याच्या मोहरासारखा वास घरभर दरवळतो, म्हणून त्याचें हें नांव. त्याचा दाणा आंखूड आणि थोडा जाड. लांबी साडेपांच मिलिमीटरांच्या आसपास. शिजल्यावर भात मऊ होतो आणि शितें एकमेकांना चिकटतात. लेंकराचा मऊ भात, आजाऱ्याची पेज आणि सणावाराची खीर यांसाठीं पुण्याकडील घरांत त्याला पहिला मान असे. मात्र खाणाऱ्याला जो इतका सुखाचा, तो पिकविणाऱ्याला तितकाच कष्टाचा. त्याचें उत्पन्न हेक्टरीं सुमारें एकोणीस क्विंटल. ताट उंच आणि नाजूक, त्यामुळें वाऱ्यापावसांत पीक आडवें होतें. आणि या सर्वांवर कडी करणारा त्याचा एक वैरी आहे. त्या वैऱ्याचें नांव करपा.

ज्येष्ठांत राबाच्या जागीं रोप टाकावें, आषाढांत चिखलणी करून लावणी उरकावी, आणि श्रावणांत खाचरें हिरवीगार झालेलीं पाहून शेतकऱ्यानें क्षणभर उसंत घ्यावी, असा मावळांतला क्रम आहे. नेमक्या याच वेळीं डोंगरावरून धुकें उतरतें, दिवसभर बारीक झिमझिम चालते, पानांवरचें पाणी वाळत नाहीं आणि रात्री गार पडतात. करप्याला याहून अधिक कांहीं नको असतें. पानावर प्रथम टांचणीच्या टोंकाएवढे ठिपके उमटतात. ते वाढून डोळ्याच्या आकाराचे होतात. मधोमध राखी रंग, कडेला तपकिरी. ठिपके एकमेकांना मिळाले म्हणजे पान भाजल्यासारखें वाळतें. याहून वाईट प्रकार पुढें, भात निसवतांना घडतो. रोग लोंबीच्या मानेला धरतो, मान काळी पडून मोडते आणि लोंबी उभ्याउभ्याच पोचट राहते. याला मानमोडी म्हणतात. चार महिन्यांचे कष्ट, उसनें आणलेलें बी, मजुरीचे पैसे, हें सर्व दाणा भरण्याच्या अखेरच्या पंधरवड्यांत हातचें जातें.

हा रोग एका बुरशीपासून होतो. शास्त्रांत तिला पायरिक्युलेरिया म्हणतात. तिचे बीजाणु डोळ्यांना दिसत नाहींत. ते वाऱ्यानें येतात आणि ओल्या पानाला चिकटतात. तेथें रुजल्यावर बीजाणूच्या कोंबाच्या टोंकाशीं एक काळसर घुमटी तयार होते. तींत पाण्याचा दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या सुमारें ऐंशीपट होतो, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाहून कितीतरी अधिक. त्या जोरावर एक सुईसारखा तंतु पानाची कठीण त्वचा भेदून आंत शिरतो. हें मोजमाप १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या क्षुद्र जीवाच्या अंगीं इतका जोर असेल अशी कल्पना त्यापूर्वीं फारशी कोणाला नव्हती.

करप्याचा इतिहास भाताच्या इतिहासाइतका जुना नसला, तरी त्याच्या खुणा दूरवर सांपडतात. चीनमध्यें सुंग यिंगशिंग या ग्रंथकारानें १६३७ सालीं शेती व कारागिरी यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत भाताला येणाऱ्या तापासारख्या एका रोगाचें वर्णन आहे. इटलींतील शेतकरी याच रोगाला ‘ब्रुसोने’ म्हणत. त्याचाही अर्थ भाजणें, करपणें असाच. हजारों कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या, एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या दोन शेतकऱ्यांनीं एकाच दुःखाला एकच नांव द्यावें, यांत त्या रोगाचें खरें चित्र आहे. हिंदुस्थानांत १९१९ सालीं तंजावरच्या खोऱ्यांत, जेथें एके काळीं भोसल्यांचें राज्य होतें तेथें, करप्याची मोठी सांथ आली आणि त्यानंतर या रोगाकडे सरकारचें आणि शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें.

भातावरील बुरशी ही केवळ शेतकऱ्याच्या बांधापुरती गोष्ट नाहीं. १९४२ सालीं बंगालच्या भातावर दुसऱ्या एका बुरशीचा, तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचा, घाला पडला. पुढच्याच वर्षीं तेथें जो दुष्काळ झाला त्यांत लाखों माणसें मेलीं. त्या दुष्काळाला युद्ध, महागाई, साठेबाजी आणि सरकारी धोरण हींही कारणें होतीं. परंतु रोगानें खाल्लेलें पीक हेंही त्यांतलें एक होतें, असें जाणत्यांचें मत आहे. १९४६ सालीं कटक येथें मध्यवर्ती भात-संशोधन संस्था उभी राहिली, ती या अनुभवानंतर.

मग करप्यावर उपाय कोणता ? बी मिठाच्या पाण्यांत बुडवून तरंगणारें पोचट व रोगट बी काढून टाकणें, रोगट पेंढा शेतांत न ठेवणें, नत्राचें खत एकदम न देतां हप्त्यांनीं देणें, हे उपाय चांगले आणि आजही उपयोगी आहेत. मोरचुदाचें व पुढें इतर औषधांचें फवारेही आले. परंतु मावळांत पाऊस दिवसेंदिवस उघडत नाहीं. सकाळीं मारलेलें औषध दुपारीं धुऊन जातें, आणि लहान खाचराच्या मालकाला तो खर्च पुन्हां पुन्हां परवडत नाहीं. ज्याला पैसा लागत नाहीं आणि पाऊस धुवूं शकत नाहीं, असें औषध एकच : तें बियांच्या आंतच असावें लागतें.

कांहीं झाडें रोगाला बळी पडतात आणि त्याच शेतांत कांहीं तग धरतात, ही गोष्ट शेतकऱ्यांना पूर्वापार दिसत आली असली पाहिजे. परंतु ती शक्ति आईबापांकडून संततीकडे ठराविक नियमानें जाते, हें १९०५ सालीं प्रथम दाखविलें गेलें. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० सालीं विस्मृतींतून वर आले होते. केंब्रिजचे प्राध्यापक रोलंड बिफेन यांनीं तेच नियम गव्हावरील पिवळ्या तांबेऱ्याला लावून पाहिले. रोगाला बळी पडणारा आणि न पडणारा, अशा दोन गव्हांचा संकर करून त्यांनीं नातवंडांची मोजदाद केली, तेव्हां रोगट व निरोगी झाडांचें प्रमाण मेंडेलच्या हिशेबांत बसलें. रोगप्रतिकार हा दैवाचा भाग नसून तो वंशाचा वारसा आहे, आणि वारसा असल्यामुळें तो एका घराण्यांतून दुसऱ्यांत नेतां येतो, हा याचा अर्थ.

या वारशाच्या शोधांत महाराष्ट्राचेंही एक नांव जगभर गेलें. दक्षिणेंतील खपली गहूं हा सोजीला आणि खिरीला उत्तम, पण सडायला त्रासदायक. त्याच्या अंगीं काळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण होता. अमेरिकेंत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनीं तांबेऱ्याचे निरनिराळे वंश ओळखण्यासाठीं १९२२ सालीं बारा गव्हांची जी कसोटी ठरविली, तींत खपली आहे. ऑस्ट्रेलियांत वॉटरहाउस यांनीं खपलीचा संकर करून प्रतिकारक गहूं तयार केला. १९९८ च्या सुमारास युगांडांत काळ्या तांबेऱ्याचा एक भयंकर वंश उद्भवला आणि जगांतील बहुतेक गहूं त्याला बळी पडतील अशी धास्ती उत्पन्न झाली; त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या जनुकांपैकीं एक खपलींत सांपडतें. ज्या धान्याला गरिबाचें जाडेंभरडें धान्य म्हणून बाजारानें बाजूला सारलें होतें, त्याच्या पोटांत हें धन होतें.

भाताच्या बाबतींत हिंदुस्थानांतील आरंभीचें मोठें काम मद्रास इलाख्यांत झालें. कोइमतूर येथें १९१२ सालीं भाताच्या पैदाशीचें केंद्र निघालें होतें. तेथें ‘को ४’ ही करप्याला दाद न देणारी जात हेरून, तिचा संकर तंजावरकडील ‘आडुतुरै १०’ या जातीशीं करून, ‘को २५’ आणि ‘को २६’ या जाती काढण्यांत आल्या. ज्या तंजावरानें सांथ पाहिली त्याच्याच भाताला असें चिलखत मिळालें.

मावळची अडचण मात्र अधिक बिकट होती. तंजावरच्या शेतकऱ्याला पोटभर भात हवा होता. मावळच्या शेतकऱ्याला भातही हवा होता आणि वासही. वास गेला तर आंबेमोहर राहिला कोठें ? आणि त्याला बाजारांत मिळणारा भाव राहिला कोठें ? म्हणून पहिला मार्ग पत्करला तो निवडीचा. आंबेमोहराच्या मिश्र पिकांतून चांगलीं चांगलीं झाडें वेगळीं काढावीं, प्रत्येकाची संतति वेगळी लावावी आणि तींतून सरस ती राखावी. ‘आंबेमोहर १५७’ ही अशीच निवडक जात. परंतु निवडीला एक मर्यादा आहे. घरांत जें आहे त्यांतूनच निवड करतां येते. जें घरांत नाहीं तें निवडून मिळत नाहीं. तें बाहेरून, संकरानेंच आणावें लागतें.

संकर करणें म्हणजे काय, हें एका साध्या हिशेबानें ध्यानांत येईल. भाताचा वास हा दबून राहणारा गुण आहे. बहुतेक सुवासिक भातांत आठव्या गुणसूत्रावरील एक जनुक बिघडलेलें असतें, त्यामुळें सुवासाचें द्रव्य दाण्यांत सांचतें; हा उलगडा २००५ सालीं झाला. आईबापांपैकीं एकाकडून जरी धड जनुक आलें, तरी दाण्यांतला सुवास दबतो. उलट करप्याला रोखणारीं पुष्कळशीं जनुकें वरचढ असतात. एकाकडून आलें तरी काम करतात. आतां सुवासिक पण रोगाला बळी पडणारा एक आणि बिनवासाचा पण प्रतिकारक असा दुसरा, यांचा संकर केला तर पहिल्या पिढीचें प्रत्येक झाड निरोगी असतें, पण खरा सुवासिक एकही वाण त्यांत नसतो. पाहणाऱ्याला वाटावें कीं वास कायमचा गेला. तो गेलेला नसतो, दडलेला असतो. दुसऱ्या पिढींत सोळा झाडांमागें सरासरी तीन झाडें सुवासिक व निरोगी अशीं निघतात, आणि त्या तिघांतलें एकच असें असतें कीं ज्याची संतति पुढें दोन्ही गुणांत टिकून राहील. सोळांत एक. आणि हें केवळ दोन गुणांचें झालें. त्यांत ताटाची उंची, पिकण्याची मुदत, दाण्याचा आकार, भाताचा मऊपणा हे गुण मिळविले म्हणजे शेंकडों, हजारों झाडांतून एक झाड शोधावें लागतें. दरवर्षीं एक पावसाळा, आणि एका पावसाळ्याला एक पिढी. हें काम करणाऱ्याच्या अंगीं शास्त्राइतकाच धीर लागतो.

असा धीर मावळांतच फळाला आला. १९६६ सालीं फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्थेनें ‘आयआर ८’ हा बुटक्या ताटाचा, खताला मानवणारा भात जगापुढें आणला. त्याचा बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या जातीकडून आलेला होता. महात्मा फुले कृषि विद्यापीठाची स्थापना १९६८ सालीं राहुरीस झाली. त्या विद्यापीठाच्या वडगांव मावळ येथील केंद्रानें आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवडून, १९८७ सालीं एक नवी जात प्रसारित केली. तिला नांव दिलें ‘इंद्रायणी’. आंद्रा नदी ज्या इंद्रायणीला जाऊन मिळते, तिचेंच हें नांव. नव्या भाताचें ताट ठेंगणें, दाणा लांबट, उत्पन्न अनुकूल शेतांत आंबेमोहराच्या दुपटीहून अधिक, आणि वास आजोळचा. थोड्याच वर्षांत मावळच्या खाचरांत इंद्रायणी सर्वत्र दिसूं लागली, आणि पुण्यामुंबईच्या दुकानांतून ‘मावळचा भात’ म्हणजे इंद्रायणी असा अर्थ रूढ झाला. दबलेला गुण संकरानंतर पुन्हां वर काढतां येतो, परक्याचें बळ घेऊनही घरचा वास राखतां येतो, याचें हें डोळ्यांपुढचें प्रमाण होय.

तथापि इंद्रायणी आली म्हणून करपा मावळ सोडून गेला असें झालें नाहीं. अधिक उत्पन्नासाठीं खत अधिक घातलें, नत्रानें पीक दाट व कोंवळें झालें, कीं बुरशीला मेजवानीच मिळते. खोरेंच्या खोरें एकाच जातीखालीं आलें म्हणजे तर तिला एका शेतांतून दुसऱ्यांत जातांना वाटेंत अडविणारें कोणी राहत नाहीं. आणि याहून मोठी गोष्ट अशी कीं, बुरशीलाही आनुवंशिकता आहे. अमेरिकेंतील हॅरल्ड फ्लोर यांनीं १९४० नंतरच्या वर्षांत जवस आणि त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, वनस्पतीच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तोडीस तोड असें एक जनुक रोगाच्या अंगीं असतें. वनस्पतीनें कुलूप घातलें कीं बुरशीच्या असंख्य बीजाणूंत कोठें तरी किल्ली घडते. एक किल्ली घडली कीं वारा ती देशभर पोंचवितो.

दक्षिण कोरियाचा अनुभव या दृष्टीनें शिकण्यासारखा आहे. तेथें १९७२ पासून ‘तोंगिल’ या नव्या भाताचा प्रसार झाला. उत्पन्न वाढलें, करप्याचें भय संपलें असें वाटलें, देश धान्याच्या बाबतींत स्वावलंबी झाला. परंतु १९७८ सालीं करप्याच्या नव्या वंशांनीं त्याच कुळांतील भातांवर झडप घातली आणि फार मोठें नुकसान झालें. एका कुलुपावर विसंबलेल्या घराची ही गत होते.

भातासारख्या हंगामी पिकाचें असें, तर शेंकडों वर्षें जगणाऱ्या वृक्षांचें काय होत असेल ? उत्तर अमेरिकेंतील पाइन वृक्षांच्या जंगलांत विसाव्या शतकाच्या आरंभीं सालीवर फोड आणणारा एक तांबेरा शिरला. तो मूळचा आशियाकडचा. युरोपांतून आणलेल्या रोपांबरोबर तो तेथें पोंचला. तेथील पाइनांना त्याची ओळख नव्हती, त्यामुळें अरण्यें उजाड झालीं. मात्र मेलेल्या वृक्षांच्या गर्दींत क्वचित् एखादा हिरवागार उभा असे. १९५० पासून आयडाहो प्रांतांत बिंगहॅम व त्यांचे सहकारी अशा वांचलेल्या वृक्षांचें बी जमवून त्यांची संतति वाढवूं लागले. पुढें शुगर पाइनमध्यें एक वरचढ प्रतिकारक जनुक सांपडलें. पण कॅलिफोर्नियांत १९७० नंतरच्या दशकांत त्यालाही मात देणारा तांबेऱ्याचा वंश निघाला. तेव्हांपासून तेथील वनशास्त्रज्ञ एका बलाढ्य जनुकावर न विसंबतां, रोगाची गति मंद करणाऱ्या अनेक लहान गुणांची जोड करूं लागले. भाताला तीन महिन्यांत जो धडा मिळतो, तो पाइनाला मिळण्यास एक मनुष्य-पिढी जाते. धडा मात्र एकच आहे.

भातशास्त्रज्ञांनींही तोच धडा घेतला. एकाच जातींत दोन-तीन निरनिराळीं जनुकें एकत्र आणावीं, म्हणजे बुरशीला एकाच वेळीं अनेक किल्ल्या घडवाव्या लागतील, हा आजचा मार्ग आहे. व्हिएतनामच्या ‘तेतेप’ या जुन्या जातींतलें करपारोधक जनुक भारतीय शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं शोधून काढलें. दुसरें एक जनुक एका रानभातांत सांपडलें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें २०२१ सालीं बासमतीच्या तीन जाती प्रसृत केल्या, त्यांत करप्याविरुद्ध दोन आणि जिवाणूजन्य करप्याविरुद्ध दोन अशीं जनुकें एकत्र आहेत, आणि बासमतीचा वासही शाबूत आहे. जें बासमतीला साधलें, तो मार्ग आंबेमोहराच्या वंशालाही खुला आहे.

घाई करण्यासारखें एक कारणही आहे. मावळांत भाताला पीडणाऱ्या बुरशीचाच एक भाऊबंद गव्हावर जातो. तो १९८५ सालीं ब्राझीलमध्यें प्रथम दिसला. तीस वर्षें तो दक्षिण अमेरिकेंतच होता. २०१६ च्या फेब्रुवारींत तो एकाएकीं बांगला देशांत प्रकट झाला आणि सुमारें पंधरा हजार हेक्टरांवरील गहूं त्यानें ग्रासला. पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरील नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत त्यानंतर गव्हाची पेरणीच बंद ठेवावी लागली. बांगला देशानें २०१७ सालीं एक प्रतिकारक गहूं शेतकऱ्यांच्या हातीं दिला. त्याचा प्रतिकारगुण एका रानगवताकडून आलेला आहे. रानगवत, व्हिएतनामचा जुना भात, दक्षिणेची खपली : प्रत्येक वेळीं सुटकेचा मार्ग कोणाच्या तरी दुर्लक्षित बियांतून निघाला.

यांतच आंदर मावळासाठीं या सर्व इतिहासाचें सार आहे. आंबेमोहराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्याच्या नांवाला कायद्याचें रक्षण मिळालें. नांवाचें रक्षण कायदा करूं शकतो. बियाचें रक्षण शेतच करतें. फिलिपिन्सच्या संस्थेंतील थंड कोठारांत भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत, आणि तें कार्य मोलाचें आहे. पण कोठारांतलें बी झोंपलेलें असतें. खाचरांतलें बी दरवर्षीं धुक्याशीं, पावसाशीं आणि करप्याशीं सामना देत बदलत असतें. पाइनाच्या मेलेल्या रानांत एखादा हिरवा वृक्ष उभा राहावा, तसें करपलेल्या खाचरांत एखादें ताट निरोगी लोंबी घेऊन उभें राहतें. तें ओळखणारा डोळा प्रथम शेतकऱ्याचा असतो, शास्त्रज्ञाचा मागून येतो.

म्हणून ज्या घरीं अजून जुन्या आंबेमोहराचें बी राखलें जातें, तें घर केवळ आवडीखातर एक खाचर अडवून बसलें आहे असें समजूं नये. इंद्रायणीला जन्म देणारें आजोळ तेथें नांदतें आहे. उद्यां इंद्रायणीवर बिकट प्रसंग आला, तर नव्या संकराला वास तेथूनच घ्यावा लागेल. दोन पायल्या बी वेगळ्या कणगींत ठेवणें, आणि करप्याच्या वर्षीं जें ताट तगलें त्याच्या लोंब्या वेगळ्या काढून त्यांवर खूण करणें, ही कामें लहान दिसतात. मावळच्या भाताची पुढची पिढी मात्र अशाच एखाद्या कणगींतून निघेल.